ताई-दादा उपक्रम पुन्हा सुरू करायचाय, पण या वेळी आधी थोडं वाचून

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा टाकून बसा.

पुण्यात आम्ही सात-आठ जण एका वस्तीत शनिवार-रविवार अभ्यासिका चालवतो. गेल्या वर्षी एका संस्थेच्या मदतीने तिथल्याच आठवी-नववीच्या मुलांसाठी ताई-दादा उपक्रम सुरू केला. एका मुलामागे एक ताई किंवा दादा, आठवड्याला एक भेट. गप्पा, थोडा अभ्यास, कधी पर्वती, कधी नुसतीच भेळ. २२ जोड्या लागल्या. जुलैत नारळ फुटला, फोटो निघाले, पैसे देणाऱ्या कंपनीच्या अहवालात ते छापूनही आले. दिवाळीला ९ जोड्या उरल्या होत्या.

कुणाची बंगळूरला बदली, कुणाचं लग्न, कुणाला ऑफिसातून सुटकाच नाही. एकाने तर काही सांगितलंच नाही, फोन घेणं बंद केलं. त्याच्या वाट्याचा मुलगा तीन शनिवार अभ्यासिकेच्या पायरीवर बसून होता. चौथ्या शनिवारी आला नाही. त्यानंतर अभ्यासिकेतही आला नाही. हा मुलगा उपक्रमाच्या आधी दोन वर्षं एकही शनिवार न चुकवणारा. म्हणजे आम्ही काहीच केलं नसतं, तर तो निदान तिथे बसून गणितं तरी सोडवत राहिला असता.

हे काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो. आधी वाटलं होतं, असल्या गोष्टीवर कोण कशाला संशोधन करेल. तर ढीग निघाला. त्यातली एक गोष्ट सांगतो, कारण तिने माझी झोप उडवली.

१९३९ साली अमेरिकेत, बॉस्टनला चिकटून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत, रिचर्ड कॅबट नावाच्या हार्वर्डच्या डॉक्टरने उभा केलेला एक कार्यक्रम सुरू झाला. मुलगे वाईट वाटेला लागू नयेत म्हणून प्रत्येकाला एक वडीलधारा, भरवशाचा मित्र द्यायचा, ही कल्पना. पठ्ठ्याने नुसती समाजसेवा केली नाही, पडताळा ठेवला. वय, घरची स्थिती, स्वभाव यांत एकमेकांसारखे वाटणारे दोन-दोन मुलगे घेतले आणि नाणं उडवलं. एकाला कार्यक्रमात घेतलं, दुसऱ्याला नाही. असे ५०६ मुलगे. निवडलेल्यांच्या घरी समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा, साधारण पाच वर्षं जात राहिले. अभ्यास घेतला, डॉक्टरकडे नेलं, उन्हाळी शिबिरांना पाठवलं. १९४५ ला कार्यक्रम संपला.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांना, म्हणजे एव्हाना पन्नाशीकडे झुकलेल्या बाप्यांना, शोधून काढलं. १९७८ साली त्यांनी जे छापलं ते असं: कार्यक्रमात असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक म्हणाले की आम्हाला त्याचा फायदा झाला. कोर्टाच्या आणि दवाखान्यांच्या नोंदी मात्र उलटं बोलत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मरण, हे सगळं ज्यांच्या बाजूने नाणं पडलं होतं त्यांच्यातच जास्त.

नुसता उपयोग झाला नाही असं नव्हे, तर अपाय झाला. आणि ज्यांना झाला तेच म्हणतायत, छान होतं हो.

आम्हीही डिसेंबरात मुलांकडून फॉर्म भरून घेतले होते. 'तुला ताई/दादा आवडले का?' सगळ्यांनी हसरा चेहरा रंगवला होता.

आता जूनमध्ये पुन्हा सुरू करावं असं चाललंय. करावं का, आणि केलं तर काय बदलून? अनुभव असलेल्यांनी हातचं न राखता लिहा.

---

चिंचपोकळी_फास्ट

वाचतोय. पायरीवरचा मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही.

---

कडूकारलं

नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांवर केलेला प्रयोग आणि आपली वस्ती, काय संबंध? आपल्याकडे मामा, काका, आत्या, शेजारच्या काकू असतात. हे भाड्याचे दादा आणायचं खूळ तिकडचं आहे, कारण तिकडे घरं मोडलेली. आणि अपाय कशाने झाला ते तर लिहिलंच नाही. निकाल सांगून घाबरवायचं आणि कारण सांगायचं नाही, हे वर्तमानपत्रवाल्यांचं काम.

---

ओसरीवरचा

@कडूकारलं, कारणाबद्दल मॅकॉर्डबाईंनी नंतर पुन्हा त्याच नोंदी उकरल्या. सगळ्यात वाईट निकाल लागले ते एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांचे. शंका अशी की, एकेकटी जरा वांड असलेली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांना शाबासकी देत बसतात. फुशारक्या मारल्या की हशा, हशा मिळाला की पुढची फुशारकी. दुसरी गोष्ट, मधेच महायुद्ध आलं आणि समुपदेशक बदलत गेले. नेमकं कुठल्या गोष्टीने किती बिघडवलं हे त्या नोंदींवरून पुरतं सुटत नाही.

मामा-काकांबद्दल: पायरीवरच्या मुलाचा मामा आहे ना, रिक्षा चालवतो, रात्री अकराला घरी येतो.

---

शेवंता_सातारकर

धागा काढल्याबद्दल आभार. समाजकार्यात एम.ए. करून बारा वर्षं मुलांच्या संस्थांमध्ये काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही फक्त काळी बाजू वाचलीत. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातल्या एका कारकुनाच्या पुढाकाराने १९०४ साली जी 'बिग ब्रदर्स' चळवळ सुरू झाली, तिच्या आठ शाखांमध्ये ९५९ मुलामुलींवर चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला, १९९५ साली छापला गेला. निम्म्यांना लगेच जोडीदार दिला, निम्मे दीड वर्ष प्रतीक्षायादीत. दीड वर्षानंतर, ज्यांना मोठा मित्र मिळाला त्यांच्यात अमली पदार्थ सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी, शाळेला दांडी मारणं निम्म्यावर. तेव्हा हे काम होऊ शकतं.

पण त्याच माहितीचा दुसऱ्यांदा अभ्यास झाला तो २००२ साली, जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा. (दोघी जीन, गोंधळू नका.) त्यांनी बघितलं की जोडी किती टिकली. वर्षभर किंवा जास्त टिकली त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा. तीन महिन्यांच्या आत तुटली, तर मुलांचा स्वतःबद्दलचा आदर आधीपेक्षा खाली गेला. अभ्यास आपल्याला जमतो हा विश्वासही घसरला. म्हणजे तुमच्या पायरीवरच्या मुलाचं जे झालं ते वीस-बावीस वर्षांपूर्वीच कुणीतरी तक्त्यात मांडून ठेवलं होतं. हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. मला स्वतःला हे नोकरीला लागून चार वर्षांनी कळलं, तोवर मीही भराभर जोड्या लावत होते. संस्थेला 'किती मुलांपर्यंत पोचलो' हा आकडा हवा असायचा. 'किती जोड्या टिकल्या' हे निधी देणाऱ्यांपैकी कुणी आजवर मला विचारलेलं नाही.

आता जोडी का तुटते. लोक म्हणतात वेळ नव्हता. वेळ हे सांगायचं कारण. खरं बरेचदा असं असतं की ताई-दादा मुलाला सुधारायच्या तयारीने आलेले असतात. पहिल्याच भेटीत ध्येय ठरवणार, दुसऱ्या भेटीत मोबाइल कमी कर सांगणार, तिसऱ्या भेटीत मूल येत नाही, की 'मुलांना गरज नाहीये' म्हणून स्वतः गायब. अमेरिकेत ८२ जोड्यांच्या मुलाखती घेऊन केलेला १९९५ चा एक अभ्यास आहे, त्यात हेच दोन प्रकार सापडले. एक, आधी ओळख वाढू देणारे, काय करायचं ते मुलाला ठरवू देणारे. दुसरे, पहिल्या दिवसापासून पाढे म्हणून घेणारे. पहिल्यांच्या जोड्या टिकल्या, दुसऱ्यांच्या बहुतेक मोडल्या. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराला 'संस्कार' म्हणतात.

जूनसाठी माझं म्हणणं: ताई-दादांना किमान सहा तास तयारी द्या, दोन बैठकांत. त्यात भाषणं नकोत. 'मूल पैसे मागतं', 'मूल अर्धा तास गप्प बसतं', 'मूल म्हणतं घरी मारतात' असे प्रसंग करून बघायला लावा. शेवटच्या प्रसंगासाठी कायदा माहीत हवा. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पोक्सोखाली (२०१२ चा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन ताईने देऊन चालत नाही, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. पोलीस पडताळणी सगळ्यांची, ओळखीचे असले तरी. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये.

आणि निरोप. जोडी कधीतरी संपणारच. संपताना मुलाला समोर बसून सांगायचं, शेवटची भेट ठरवून करायची, 'तुझ्यामुळे नाही जात आहे' हे शब्द तोंडाने उच्चारायचे. हे काम कुणीच करत नाही, फार अवघड वाटतं.

---

मुक्कामपोस्ट

शेवंताताईंचा प्रतिसाद वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो. मी तो पळून गेलेला दादा आहे. ओसरीवरचा यांच्या उपक्रमातला नव्हे, दुसऱ्या शहरातला, सहा वर्षांपूर्वीचा.

मला दिलेला मुलगा सातवीतला. उद्घाटनाला आम्हाला टी-शर्ट आणि एक पानभर सूचना मिळाल्या. पहिल्या दोन भेटी मजेत गेल्या. तिसऱ्या भेटीत त्याने विचारलं, 'दादा, तुमच्या घरी कधी नेणार?' मी म्हटलं, नेऊ की. चौथ्या, पाचव्या भेटीत तेच. माझ्या घरी आईला हे पसंत नव्हतं. कारण मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला कळेल. त्याला काय सांगायचं हे मला सुचेना. एका शनिवारी डोकं दुखतंय म्हणून गेलो नाही. पुढच्या शनिवारी गेल्या शनिवारी गेलो नाही म्हणून लाज वाटली, म्हणून गेलो नाही. मग प्रत्येक आठवड्याने ती लाज वाढतच गेली.

संस्थेतून मला पहिला फोन आला तो साडेतीन महिन्यांनी, आणि तोही टी-शर्ट परत कराल का विचारायला.

मी स्वतःचा बचाव करत नाहीये. पण दुसऱ्या आठवड्यात कुणी 'कसं चाललंय, काही अडलंय का' एवढं विचारलं असतं, तर मी बहुतेक बोललो असतो.

---

चिंचपोकळी_फास्ट

टी-शर्ट! 🤦

(मुक्कामपोस्ट, लिहिलंत हे बरं केलंत.)

---

त्रिज्या

मी आकडेवारीवाली, त्यामुळे जरा थंड पाणी ओतते. वरचे ४६ टक्के वगैरे आकडे ऐकायला दणदणीत असतात, पण एका अभ्यासावर उडी मारू नये. सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर काय दिसतं? २०१९ साली ७० अभ्यासांचा, २५ हजारांवर मुलांचा एकत्रित आढावा निघाला. सरासरी परिणाम ०.२१. म्हणजे शंभर मुलं रांगेत उभी केली आणि मधोमध उभ्या असलेल्या मुलाला ताई मिळाली, तर ते आठ-नऊ जागा पुढे सरकतं. वाईट नाही. पण 'आयुष्य बदललं' अशा पोस्टरवर शोभणारंही नाही. त्याहून टोचणारं म्हणजे, २०११ च्या आढाव्यातही आकडा हाच होता. मधल्या काळात ही मंडळी शिकली काय?

आणखी एक. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने शाळांमधून असे कार्यक्रम चालवायला भरपूर पैसा दिला होता. २००९ साली त्याचं चिठ्ठ्या टाकून केलेलं मूल्यमापन आलं, अडीच हजारांवर विद्यार्थी. एकूण परिणाम जवळपास शून्य. पुढे तो निधी बंद झाला.

मला यात सगळ्यात कामाचा वाटला तो २०२० चा अभ्यास. नुसती मैत्री करा म्हणणारे कार्यक्रम एका बाजूला, आणि एखादी ठरावीक गोष्ट (राग आवरणं, गणित, दहावीनंतर काय) धरून, तिच्यासाठी नेमकी पद्धत वापरणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यांचा परिणाम दुपटीहून जास्त निघाला.

तेव्हा @ओसरीवरचा, तुमचा उपक्रम नक्की कशासाठी आहे? 'व्यक्तिमत्त्व विकास' असं उत्तर देऊ नका प्लीज.

---

ओसरीवरचा

'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकास' असं पत्रकात छापलंय. 😐

---

शेवंता_सातारकर

त्रिज्या, आकडे मान्य. पण यातून 'मैत्री नको, पद्धत हवी' असा अर्थ कुणी काढेल म्हणून लिहिते. पद्धत पोचवायला आधी मुलाने दार उघडावं लागतं. पहिले दीड-दोन महिने नुसती भेळ खाण्यात गेले तर जाऊ द्यावेत. भांडण त्यानंतरच्या दहा महिन्यांबद्दल आहे.

---

तिखटजाळ

मी त्या बाजूने लिहिते, जिथून इथे कुणीच लिहीत नाहीये. मी ते 'मूल' होते.

मुंबई, पूर्व उपनगर, दहा बाय दहाची खोली, पाच माणसं. नववीत असताना मला एका कार्यक्रमातून ताई मिळाली. आधीची एक होती, ती मला 'स्वच्छ मराठी' बोलायला शिकवायची. माझं मराठी घाण होतं हे मला तिच्याकडून कळलं. ती दोन महिन्यांत गेली, बरं झालं.

दुसरी ताई बँकेत नोकरीला. तिने माझ्यात काहीही सुधारायचा प्रयत्न केला नाही. दहावीनंतर स्कॉलरशिपला जातीचा दाखला लागत होता. बाबांकडे आजोबांचा कुठलाच कागद नव्हता. ही बाई रजा टाकून आमच्याबरोबर सेतू कार्यालयात तीनदा आली, मग गावच्या शाळेतून आजोबांच्या नावाचा दाखला काढायला बाबांना कुणाला अर्ज करायचा ते लिहून दिलं. खिडकीवरचा माणूस आईशी अरेरावीने बोलायचा, ही उभी राहिली की 'बसा ना मॅडम'. आईने ते बघितलं, मीही बघितलं. घरी येताना ताई म्हणाली, 'पुढच्या वेळी तू बोल, मी मागे उभी राहते.' चौथ्या वेळी मी बोलले.

आज मी सी.ए. आर्टिकलशिप करतेय. ताईमुळे का? माहीत नाही. तो दाखला नसता तर अकरावीची फी भरणं अवघड होतं, एवढं माहीत आहे.

मुक्कामपोस्ट, तुमच्या आईचं कारण मला कळलं. त्या मुलालाही कळलं असणार. मुलांना कळतं.

---

मुक्कामपोस्ट

हो.

---

त्रिज्या

तिखटजाळ, तुमच्या ताईने जे केलं त्याला पुरावा आहे. मी वर ज्या २०११ च्या आढाव्याचा उल्लेख केला, त्यात ७३ मूल्यमापनं होती. ज्या कार्यक्रमांत मोठ्या माणसाला मुलाच्या वतीने भांडायची, खेटे घालायची मुभा होती ते सरस ठरले होते. आवडीनिवडी जुळवून लावलेल्या जोड्याही सरस. आपल्याकडे जोड्या कशा लावतात? 'तुम्ही कोथरूडला ना, मग हा मुलगा जवळ पडेल.'

---

राईनकाठी

जर्मनीतून नमस्कार. इथे कोलोन-बॉनकडे 'बालू उंड डू' म्हणजे 'बालू आणि तू' नावाचा कार्यक्रम आहे. कॉलेजचे विद्यार्थी म्हणजे बालू आणि प्राथमिक शाळेतलं पोर म्हणजे मोगली. (नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी, मोगलीचं सिवनीचं जंगल तुमच्या शेजारचं.) आठवड्याला एक दुपार, जवळपास वर्षभर. केक करा, तळ्यावर जा, सायकल दुरुस्त करा. माझ्या बायकोने हे केलंय, तिची मोगली तुर्की घरातली होती.

अर्थशास्त्रज्ञांनी याचाही चिठ्ठ्या टाकून अभ्यास केला, २०२० साली छापून आला. मुलं दुसऱ्यांचा विचार किती करतात, वाटून किती घेतात, विश्वास किती टाकतात हे खेळांमधून मोजलं. गरीब घरातली आणि सुस्थितीतली मुलं यांच्यात जी दरी होती ती कार्यक्रमाने भरून काढली, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षांनंतरही फरक दिसत होता.

त्रिज्या, इथे ठरावीक पद्धत वगैरे काही नव्हती, नुसता केक होता. पण मुलं सात ते नऊ वर्षांची होती. चौदा वर्षांच्या पोराला केक पुरणार नाही हे मला मान्य. शिवाय प्रत्येक बालूला दर आठवड्याला भेटीची डायरी लिहावी लागते आणि सगळे बालू नियमित एका जाणत्या माणसासोबत बसून अडचणी बोलतात. बायको म्हणते, डायरीचा फार कंटाळा यायचा, पण तिच्यामुळेच दांडी मारता येत नव्हती.

---

मांडवीपार

सगळं अमेरिका-जर्मनी चाललंय म्हणून आमच्या गोव्याचं सांगतो. इथली 'संगाथ' ही संस्था मानसिक आरोग्यात काम करते. त्यांनी बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग केला, २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत बाहेरून एक साधा, प्रशिक्षण दिलेला माणूस नेमला, त्याला म्हणायचे 'सेहर मित्र'. तो डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. काही शाळांत तेच काम तिथल्या शिक्षकाला दिलं. उरलेल्या शाळांत नुसतं नेहमीचं जीवनकौशल्यांचं शिक्षण. काम म्हणजे भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, वर्गात चर्चा, आणि ज्याला गरज त्याच्याशी एकेकट्याने बोलणं.

सेहर मित्राच्या शाळांत वातावरण खूप सुधारलं, उदासी, दादागिरी, मारामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत काही फरक नाही. तंतोतंत तोच अभ्यासक्रम, फक्त माणूस वेगळा.

---

गुरुजी_लोहारा

'शिक्षकांच्या शाळांत काही फरक नाही.' वाचून फार गंमत वाटली. मांडवीपार साहेब, मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. या महिन्यात मी मतदारयादीचं काम केलं, पोषण आहाराचा तांदूळ मोजला, तीन ॲपवर एकच माहिती भरली. वरून मला कुणी 'सेहर गुरुजी' केलं तर माझ्याकडूनही काही फरक पडणार नाही, लिहून देतो. शिवाय ज्या माणसाच्या हातात निकालपत्रक आहे, त्याच्या पेटीत कुठलं पोर खरी चिठ्ठी टाकेल?

आता कामाचं. मुलांना माणूस नेमून का देता? त्यांनाच विचारा की. आमच्या वाडीत शाळा सोडलेला एक पोरगा कुणाचंच ऐकत नव्हता. मी विचारलं, कुणाचं ऐकशील? म्हणाला, ट्रॅक्टरवाल्या अण्णाचं. मी अण्णाला जाऊन भेटलो, म्हटलं, याला रोज सकाळी एवढंच विचारायचं, शाळेत चाललास का. पोरगा परत आला. (अण्णाचं स्वतःचं शिक्षण चौथी.)

---

त्रिज्या

गुरुजी, तुम्ही नकळत संशोधनातला सगळ्यात चर्चेतला प्रकार केलात. अमेरिकेत नॅशनल गार्डचा (म्हणजे तिथल्या राखीव सैन्यदलाचा) शाळा सोडलेल्या मुलांसाठी निवासी कार्यक्रम आहे. त्यात मुलंच आपल्या ओळखीतला मोठा माणूस सुचवतात, कार्यक्रम त्या माणसाला तयार करतो. तीन वर्षांनंतरही निम्म्याहून जास्त मुलं त्या माणसाच्या संपर्कात होती. नेमून दिलेल्या जोड्यांत असं स्वप्नातही होत नाही.

---

कडूकारलं

म्हणजे मामा-काकाच. मी दुसऱ्या प्रतिसादात तेच म्हटलं होतं, तेव्हा सगळे अंगावर आले.

---

तिखटजाळ

काका, तुम्ही म्हणालात ते आधीच असतात, आपण काही करायला नको. गुरुजी म्हणतायत, अण्णाला शोधून, जाऊन, सांगावं लागतं. शिवाय आमच्या वस्तीत पोरांना 'कुणाचं ऐकशील' विचारलं असतं तर अर्ध्यांनी मंडळाच्या अध्यक्षाचं नाव घेतलं असतं. तो पोरांना निवडणुकीत बाइक रॅलीला न्यायचा. मुलींना विचारलं असतं तर घरचे म्हणाले असते, बाहेरचा पुरुष नको.

---

शेवंता_सातारकर

+१. सुचवेल मूल, पण छाननी सगळ्यांची. ट्रॅक्टरवाल्या अण्णाचीसुद्धा.

---

ओसरीवरचा

धागा वर काढतोय. मधे तीन आठवडे गेले. आमची बैठक झाली, जे ठरलं ते लिहितो. भांडणंही झाली.

पत्रकातला सर्वांगीण विकास खोडला. फक्त एक गोष्ट धरली: दहावीच्या आधी आणि नंतरचं वर्ष, मूल शाळा-कॉलेजातून गळू नये. त्यासाठी दाखले, फॉर्म, फी, कुठली शाखा, गणितात अडलं तर गणित. तिखटजाळ, तुमची सेतू कार्यालयाची गोष्ट मी बैठकीत वाचून दाखवली.

जोड्या बाराच लावायच्या. उरलेल्या ९ आहेतच, नव्या तीन. निधीवाल्या कंपनीला हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. 'मागच्या वेळी २२ होते ना?' मी म्हटलं, मागच्या वेळी नऊच होते, तुमच्या अहवालात बावीस होते. ते देतील का पैसे, अजून कळलं नाही. नाही दिले तर भेळ आमच्या खिशातून.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ताई-दादाला एक फोन, तो मी आणि आमच्यातली एक जण करणार. मुक्कामपोस्ट, फोनवर पहिला प्रश्न तुमचाच आहे: काही अडलंय का. हसऱ्या चेहऱ्याचा फॉर्म बंद. त्याऐवजी हजेरी, शाळेचा निकाल, आणि वर्षाने मूल कुठल्या वर्गात बसलंय. त्रिज्या म्हणेल की बारा मुलांवर काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. पण निदान उपक्रम बुडतोय का ते वेळेत कळेल.

आता पायरीवरच्या मुलाबद्दल. मी त्याच्या घरी गेलो. आधी आई बोलली, तो भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत होता. मी त्याला सांगितलं की चूक आमची होती, तुझी नव्हती, आणि हे तेव्हाच सांगायला हवं होतं. काही बोलला नाही. निघताना गुरुजींचा प्रश्न विचारला, कुणाचं ऐकशील? बऱ्याच वेळाने म्हणाला, गॅरेजवाल्या चाचांचं. कोपऱ्यावर दुचाकीचं गॅरेज आहे, संध्याकाळी हा तिथे जाऊन नुसता बसतो.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. सगळं समजावलं, आणि शेवंताताईंच्या हुकुमाप्रमाणे पोलीस पडताळणीचा फॉर्म पुढे केला. चाचांनी हात पुसले, फॉर्म दोन्ही बाजूंनी बघितला. म्हणाले, 'पोरगं सहा महिने रोज माझ्याकडे बसतंय, तेव्हा कुणी फॉर्म घेऊन आलं नाही. आज मी त्याला शाळेत जा म्हणायचं ठरवलं, तर पोलीस?'

फॉर्म अजून त्यांच्या गल्ल्यात आहे. भरतील असं वाटतं. शनिवारी पुन्हा जातोय.

---

शेवंता_सातारकर

चाचांना सांगा, माझीही पडताळणी झालीये, दोनदा. आणि जाताना तुमचा स्वतःचा भरलेला फॉर्म घेऊन जा, दाखवा.

---

ओसरीवरचा

माझा भरायचा राहिलाय. आजच भरतो.

---

कडूकारलं

माझ्याकडे चांगला कॅरमबोर्ड पडून आहे, स्ट्रायकरसकट. सदाशिव पेठेतून कुणी घेऊन जाणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुपारी एक ते चार सोडून.